थांबायचं विसरलेल्या पेशी

ढवळे सरांना मी कधी ताजंतवानं पाहिलं नाही. सकाळी साडेदहाला विभागात शिरतानाच ते दिवसभराचं काम उरकून घरी निघाल्यासारखे दिसायचे. त्यांच्याकडे सायकल होती, पण ते तिच्यावर क्वचितच बसत. हाताशी धरून चालत येत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "बसा, उतरा, मग कुलूप लावा. त्यापेक्षा चालणं बरं."

"कुलूप तर तरीही लावावंच लागतं, सर."

"हो," ते म्हणाले, "तेवढं एक राहतंच."

परभणीत आम्ही दोघंही पशुवैद्यक शिकवायचो. विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय. म्हणजे जनावर कशानं मेलं ते मेल्यानंतर शोधायचं. मी जिंतूरकडच्या शेतकरी घरातला, नोकरीला नुकताच लागलेला, त्यांच्या हाताखालचा. ते माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून दीड कोस चाललं की त्यांचं गाव लागायचं. घरचे बौद्ध. गावातून कॉलेजात शिकवायला गेलेला पहिला माणूस तेच.

त्यांना चहा अर्धा प्यायची सवय होती. कप तसाच ठेवून ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत, आणि मग कपात साय धरली तरी त्यांचं लक्ष नसे. शवविच्छेदनानंतर कार्बोलिक साबणानं तीनदा हात धूत. कोणी घाईनं निदान सांगितलं की म्हणत, "आधी पाहा, मग बोला." विद्यार्थ्यांना 'राजे' म्हणत. रागावले तर जास्तच हळू बोलत. शेवटच्या बाकावरचा मुलगा मग पुढं वाकून ऐकायचा, आणि आपल्यालाच रागावताहेत हे त्याला जरा उशिरा कळायचं.

त्यांचा खरा जीव होता कोंबड्यांच्या गाठींत. कोंबड्यांना एक विषाणू लागतो, त्यानं अंगावर कर्करोगाची गाठ येते. हा विषाणू कळून बरीच वर्षं झाली होती, पण तो पेशीच्या आत शिरून नेमकं काय करतो हे त्याच सुमारास उलगडत होतं. सर परदेशातल्या प्रयोगशाळांना कार्डं लिहीत, की आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. कार्डावरचा पत्ता ते टाकानं, सावकाश, शाळेतल्या कित्त्यासारखा काढत. दोन-तीन महिन्यांनी पोस्टमन जाड पाकीट आणून देई. त्या दिवशी सरांचा चहा पूर्णच राहून जायचा.

गंगाखेडकडचा एक ऊसवाला बागायतदार एकदा पोत्यात चार मेलेल्या कोंबड्या घेऊन आला. नवीन शेड घातलं होतं, आणि कोंबड्या वाळून वाळून मरायला लागल्या होत्या. भावकीतल्या कुणीतरी करणी केली अशी त्याची खात्री होती. सरांनी पहिली कोंबडी उघडली. यकृत एवढं वाढलेलं, की पोटात दुसरं काही दिसेना. त्यावर पांढुरक्या गाठी.

"हे अंड्यातूनच आलंय," सर म्हणाले. "मायकडून पिलाला. जिथून पिलं आणता तिथली आता आणू नका. शेड रिकामं करा, धुवा, चुना मारा."

"भावकीचं काई न्हाई म्हंता?"

"भावकीचं मला तपासता येत नाही. कोंबडीचं तपासलं."

त्यानं पोत्याकडे बघितलं. "मंग ह्या खाल्ल्या तर चालंल का?"

"माणसाला हा रोग लागत नाही. पण आजारी जनावर खाऊ नये."

"घरी न्हाई खात आमी. गावात वाटून टाकल्या तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "जाधव, पोतं इथंच ठेवून घ्या."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलण्याच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. सरांच्या गावात त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली. त्यांचं घरही गेलं. दोन दिवसांनी त्यांची आई परभणीला त्यांच्या क्वार्टरवर आली. अंगावर एक लुगडं, हातात काही नाही. मी भेटायला गेलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून म्हणालो, "बाहेरगावचे लोक आले असतील, आजी."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "बाहेरचं कुणी नव्हतं, लेकरा. समदे वळखीचे. माधवनं राकेल आणलं. त्याची नाळ म्या कापलेली."

सरांच्या पत्नी, लीलावहिनी, आतून चहा घेऊन आल्या. सर बाहेर ओट्यावर सायकलचं पंक्चर तपासत होते. ज्या सायकलवर ते बसत नसत, तिचं.

आता माझं सांगितलं पाहिजे. त्याआधी आठवडाभर, कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीत नामांतराला विरोध करणारं एक निवेदन फिरत होतं. आमच्या भागातली ओळखीची पोरं होती, मी सही केली. फार विचार केला नाही. पलीकडच्या बाकावर सर बसलेले मला उठताना दिसले. कागद त्यांच्यासमोरूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी ते तपासणीचे अहवाल माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "जाधव, तुमच्या सहीचं अक्षर लागत नाही. नीट करत जा. माणसानं कशाखाली सही केली ते नंतर वाचता यायला पाहिजे."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मीही काढला नाही.

घर जळाल्यावर सुट्टी घेतली ती त्यांनी चारच दिवस. पाचव्या दिवशी वर्गात उभे होते. पुढं त्याच वर्षात त्यांच्या हातात ते पाकीट पडलं, ज्यात कोंबडीच्या गाठीच्या विषाणूची हकीकत होती. त्यांनी ती वर्गात सांगितली, आणि मी मागं उभा राहून ऐकली.

"राजे, पेशी आपल्या मनानं वाढत नाही," ते फळ्याकडे वळून म्हणाले. "तिला बाहेरून निरोप यावा लागतो. पेशीच्या अंगावर निरोप घेणारे असतात. ते आतल्याला सांगतात, तो त्याच्या पुढच्याला, असं करत करत निरोप थेट केंद्रकापर्यंत जातो. कसा जातो? एक जण पुढच्याच्या अंगावर फॉस्फेटचा ठिपका ठेवतो. ठिपका पडला की तो जागा होतो. काम झालं की ठिपका पुसणारेही असतात. म्हणून जखम भरून येते, आणि भरली की वाढ थांबते."

त्यांनी फळ्यावर गोल गोल पेशींची एक ओळ काढली, एकीला एक चिकटलेली.

"निरोगी पेशी काचेच्या बशीत वाढवली तर ती पसरते, आणि शेजारणीला अंग लागलं की थांबते. एक थर होतो. ह्या विषाणूनं धरलेली पेशी थांबत नाही. शेजारणीच्या अंगावर चढते. ढीग होतो. ह्याचं कारण, विषाणू एक जनुक घेऊन आत येतो. त्या जनुकापासून तयार होणारं प्रथिन ठिपके ठेवत सुटतं. निरोप आलेला नसतो. तरी हे प्रत्येकाला उठवून सांगतं, वाढा, वाढा."

पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, दोष बाहेरून आलेल्या विषाणूचा."

सर खडू हातात घेऊन थांबले. "तीच गंमत आहे, राजे. ते जनुक विषाणूचं नाहीच. कोंबडीचंच आहे. प्रत्येक निरोगी कोंबडीच्या प्रत्येक पेशीत ते असतं, आणि गरजेपुरतं काम करतं. कधीतरी विषाणूनं ते उचलून नेलं, आणि परत आणलं तेव्हा त्याला आवर राहिला नव्हता."

वर्ग सुटल्यावर आम्ही टपरीवर गेलो. माझ्या डोक्यात म्हातारीचं बोलणं घुमत होतं. मी म्हणालो, "सर, गावाचंही असंच झालं म्हणायचं. आपल्यातलंच काहीतरी, आवर सुटलेलं."

त्यांनी मान हलवली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला होता.

"नाही, जाधव. पेशीला कळत नसतं. माधवला कळत होतं. त्याला रोगी ठरवलं की तो सुटला. दोन्ही एक करू नका."

मग त्यांनी अर्धा चहा ठेवला आणि सायकल हाताशी धरून निघून गेले.

पुढची दहा वर्षं अशीच गेली. मोर्चे निघत, बंद पुकारले जात, आश्वासनं मिळत, परीक्षा पुढं ढकलल्या जात. सर मोर्च्यात जात आणि दुसऱ्या दिवशी त्या मोर्च्यात किती माणसं होती ते विचारलं तर सांगत, "मी पुढं पाहून चालत होतो." त्यांच्या कामाचा प्रबंध होऊ शकला असता. पण त्याला लागणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती, वीज टिकत नव्हती, आणि दोनदा बर्फ न मिळाल्यानं जमवलेले नमुने नासून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी जमवले नाहीत. कार्डं मात्र लिहीत राहिले. दुसऱ्यांनी काय शोधलं ते कळत राहावं, एवढीच आता त्यांची अपेक्षा उरली होती.

मग लीलावहिनी आजारी पडल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. सरांच्या मराठी पत्रांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच दुरुस्त करत. अंगावरून जाणं वर्षभर चालू होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. कंबर दुखायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, पुढं गेलेला.

औरंगाबादला किरणोपचार सुरू झाले. मी एकदा भेटायला गेलो. सर बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. मांडीवर परदेशाहून आलेला एक लेख होता. वाचत नव्हते, नुसता धरला होता.

"हाही विषाणूच, जाधव," ते म्हणाले. "वेगळा. कोंबडीत 'वाढ' म्हणणारा मोकाट सुटलेला असतो. ह्याची रीत निराळी. पेशीत 'थांब' म्हणणारी प्रथिनं असतात. हा त्यातल्या एकाला धरून ठेवतो, आणि दुसऱ्याला संपवून टाकतो. मग थांबवणारंच कुणी राहत नाही. कसं चाललं असेल ते मला दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं."

मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसलो.

"आणि आणखी एक. हा विषाणू नवरा-बायकोत जातो. फार लोकांना असतो, बहुतेकांचा आपोआप निघून जातो, कुणाला कळतही नाही. तिच्याकडे गेला असेल तर माझ्याकडूनच गेला असणार. मी तिला सांगितलं."

"कशाला सांगितलंत, सर?"

"तिला माहीत असायला पाहिजे. माझी आई तिलाच दोष देऊन काय काय विचारत होती."

"वहिनी काय म्हणाल्या?"

त्यांनी लेखाची घडी घातली. "म्हणाली, तुमच्या कोंबड्या तरी लोक वेळेवर आणतात. मीच उशिरा आले."

वहिनी वर्षभरात गेल्या. दहाव्या दिवशी सर कामावर आले. हात तीनदा धुतले, चहा अर्धा प्याले. मी त्यांच्यासाठी करावं असं त्यांनी माझ्यापुढं काही ठेवलं नाही.

दीड-दोन वर्षांनी एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "रविवारी मोकळे आहात?" वहिनींच्या त्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी राजी केलं होतं. बाईंनी गावोगाव जाऊन बायकांची तपासणी करायची, गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हलक्या हातानं काचेवर घ्यायच्या. सरांनी त्या काचा रंगवायच्या, पाहायच्या, शंका येईल त्या बाजूला काढायच्या. त्यावर निदान मात्र बाईंचं. सरांची कोंबड्यांतली नजर आता बायकांच्या पेशी वाचायला शिकली होती. तीन महिने त्यांनी बाईंच्या जुन्या काचा पाहून सराव केला होता, आणि मला पत्ता नव्हता.

बायका येत नसत. शाळेच्या खोलीत पडदा लावून डॉक्टरीणबाई बसत, आणि सर बाहेर लिंबाखाली काचा मांडून. पहिल्या गावात तिघी आल्या. दुसऱ्या गावात एकीनं लांबूनच विचारलं, "ह्यो तर ढोराचा डाक्टर हाय ना?" सर म्हणाले, "हो माय. पण आत बाई हायत. मी नुस्ती काच बघतो." ते बायकांशी गावच्या बोलीत बोलत. कॉलेजात मी ती त्यांच्या तोंडी कधी ऐकली नव्हती. वहिनींचं ते सांगत. नाव घेऊन, लपवाछपवी न करता. "आमच्या घरी असंच झालं. वर्षभर बोलली न्हाई. तुमी तसं करू नका." एवढं ऐकलं की एखादी उठायची.

चौथं गाव त्यांचं स्वतःचं होतं. जळलेल्या वस्तीत आता पत्र्याची घरं उभी होती. तिथून बायका आल्या, आणि दुपारनंतर वरच्या गल्लीतूनही पाच-सहा आल्या. काचांवर नावं नसत, नुसते नंबर. यादी बाईंकडे.

सोमवारी सर सूक्ष्मदर्शकापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मग मला बोलावलं. "सतरा नंबर. पाहा." पेशींची केंद्रकं वाढलेली, गर्द, वेडीवाकडी. गाठ झाली नसावी, पण त्या वाटेवर. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, होकार दिला, यादी काढली. सतरा नंबर गयाबाई. माधवरावची, राकेल आणणाऱ्या त्या माधवची, बायको.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. चुडाव्याला गाडीतून उतरून चालत गावात पोचलो. माधवराव पन्नाशीला पोचलेला, अंगानं भरलेला माणूस. ओसरीवर बसला होता. सरांना पाहून उठला नाही.

"काय काम काढलं?"

"वहिनींच्या तपासणीचं सांगायचंय," सर म्हणाले. ते उभेच होते. "पेशी बदलायला लागल्यात. अजून कर्करोग झालेला दिसत न्हाई. आत्ता औरंगाबादला नेलं तर बऱ्या होतील. दोन वर्षं थांबलात तर न्हाई."

"कुणी बगितलं हे?"

"आधी मी. मग डॉक्टरीणबाईंनी. त्यांची चिठ्ठी आणलीय."

माधवरावानं चिठ्ठी घेतली नाही. "तुला कोंबड्यातलं कळतंय. माझ्या घरातलं काय कळतंय?"

सरांनी चिठ्ठी ओसरीच्या कडेला ठेवली. तेवढ्यात गयाबाई आतून दारात आली. पदर सावरून, माधवरावकडे न बघता तिनं विचारलं, "किती दिस हायत माझे?"

"लय दिस हायत, वैनी," सर म्हणाले. "पर आत्ताच जायाला पायजे."

"तुमच्या मालकिनीचं असंच होतं का?"

"असंच होतं. तिचं पुढं गेल्यावर कळालं."

गयाबाई खाली वाकली आणि चिठ्ठी उचलली. "मी जायलेय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी या नायतर नका येऊ. मी माझ्या भावाला घिऊन जाते."

आम्ही निघालो. स्टेशनावर गाडीची वाट पाहताना मी सरांना म्हणालो, की तुम्ही फार मोठ्या मनानं केलं.

"मन आणू नका त्यात," सर म्हणाले. "मी काच पाहिली तेव्हा नंबर होता. नाव नंतर कळालं. आधी कळालं असतं तर मी किती नीट पाहिलं असतं, ते मला सांगता येत नाही. रात्रंदिवस विचार केला, तरी सांगता येत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "आईला सांगू नका. ती विचारील, कशाला गेलतास म्हणून. तिचंही चूक नाही."

गयाबाईची शस्त्रक्रिया झाली. माधवरावच तिला घेऊन गेला होता, असं नंतर समजलं. ती बरी झाली. पुढच्या तपासणीला स्वतःहून परभणीला आली आणि गल्लीतल्या दोघींना सोबत घेऊन आली. माधवरावानं सरांची माफी मागितली नाही, आभारही मानले नाहीत. सरांनी तशी अपेक्षा ठेवली होती असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्या काचा वाढत गेल्या, एवढंच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. पूर्ण नामांतर नाही, नामविस्तार. माझी बदली तेव्हा विदर्भात झाली होती आणि मी सामान बांधत होतो. त्यानंतर आमची दोन पत्रं झाली. पुढं सर निवृत्त झाले, आणि ते गेल्याचं मला फार उशिरा, दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्यातून कळालं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी.

दुपारची वेळ होती. गावातून मिरवणूक चालली होती. ढोल, ताशे, निळा गुलाल, पोरं नाचताहेत, बायका एकमेकींना पेढे भरवताहेत. मी दोरी आणायला बाजारात गेलो होतो आणि गर्दीत अडकलो. तेव्हा बंद दुकानाच्या पायरीवर सर दिसले. कुणीतरी त्यांच्या कपाळाला, कानांना, पांढऱ्या केसांना गुलाल फासला होता. वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या, गुडघे जवळ घेतले होते, आणि डोकं शटरला टेकून ते गाढ झोपले होते. ढोल त्यांच्यापासून चार हातांवर वाजत होता. तोंड किंचित उघडं पडलं होतं.

मला त्यांच्याशी बोलायचं होतं. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या सहीबद्दल बोलायचं होतं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. नाचणारं एक पोरगं येऊन त्यांच्या अंगावर पडायला आलं, त्याला मी हातानं अडवलं. मिरवणूक पुढं सरकेपर्यंत मी तिथंच, त्यांच्या आणि गर्दीच्या मधे, गर्दीकडे पाठ करून उभा राहिलो. मग त्यांना न उठवता निघालो.